चष्मा घातलेलं भूत

बाबा गेल्यावर आईच्या बोलण्यातून भूतकाळच नाहीसा झाला. "हे चहात साखर घेत नाहीत." "यांना पंख्याचा वारा थेट सहन होत नाही." श्रावणात बाबा गेले, दसरा उलटून गेला, तरी आईच्या वाक्यांत ते रोज उठत होते, पेपर वाचत होते आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होते.

बाबा मराठीचे मास्तर. आयुष्य नारायण पेठेत गेलं आणि आयुष्यभर त्यांनी लोकांचं व्याकरण सुधारलं. लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, मुहूर्त नंतर. अशा माणसाची मुलगी असल्यामुळे चुकीचं क्रियापद माझ्या कानाला टोचतं. पण आईचं ते 'घेतात' आणि 'उठतात' टोचत नव्हतं, त्याची मला भीती वाटत होती.

तिला मी खराडीला आमच्याकडे आणलं होतं. रोज संध्याकाळी ती आपली कापडी पिशवी भरून दाराशी खुर्ची घेऊन बसायची. "मला घरी सोड. हे वाट बघत असतील." पहिल्यांदा मी नुसतंच "अगं आई" म्हणाले. मग रोज "उद्या जाऊ" म्हणायला लागले. नवरा म्हणाला, डॉक्टरांना दाखवू या. मी त्याच्यावरच डाफरले, "तिला वेड लागलेलं नाहीये." रागावले, कारण मलाही तेच वाटत होतं. आणि तसं असेल तर तिला पुन्हा त्या घरी एकटीला कसं सोडायचं, या विचाराने माझी झोप उडाली होती.

त्यातच आमच्या सोसायटीला हॅलोविनचा झटका आला. मुलांनी भुतं बनून घरोघर हिंडायचं आणि प्रत्येक घराने खाऊ द्यायचा. तिसरीतल्या माझ्या लेकीने आम्हाला न विचारताच "आमच्याकडे ब्राउनी" असं जाहीर करून टाकलं होतं. मी आधी नाही म्हणाले. ज्या घरात आत्ताच माणूस गेलंय त्या घरात भुतं कसली करायची? तिचा चेहरा पडला. "दिवाळीला पण या वर्षी काहीच नाही करायचं. मग हे तरी?" फराळ नाही, कंदील नाही, हे तिने निमूट ऐकलं होतं. आता हॅलोविन चालतं की नाही हे काही पंचांगात दिलेलं नाही. मी हो म्हणाले.

आईला बरोबर घ्यायचं असं मुद्दाम ठरवलं नव्हतं. कोको आणि मैदा चाळायला घेतला तर ती आपणहून आली आणि माझ्या हातातून चाळण काढून घेतली. "सांडतेयस नुसतं." तिच्यासाठी अंडं न घालता दही घातलं होतं. ते मिश्रण बघून म्हणाली, "हे गुलगुल्याचं पीठ दिसतंय." ओव्हनमधून वास सुटला तेव्हा तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून काचेतून आत पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिला कशात तरी रमलेलं बघत होते. मला इतकं बरं वाटलं की मी बेसावध झाले.

ब्राउनी गार झाल्यावर वड्या पाडल्या. प्रत्येक वडीवर पांढरं चॉकलेट वितळवून चमचाभर सोडायचं, जरा पसरायचं, झालं भूत. मग बटर पेपरच्या कोनातून काळ्या चॉकलेटचे डोळे. आईचा हात मेंदीवर बसलेला, कोन तिनेच धरला. दोन-तीन भुतं झाल्यावर ती त्यांना पाय काढायला लागली.

"आजी, भुताला पाय नसतात," लेक म्हणाली.

"तुमच्या इंग्रजी भुतांना नसतील. आमच्यांना असतात. उलटे."

लेक खिदळली, मीही हसले. मग लेकीने दुसरा कोन घेतला आणि एका भुताच्या डोळ्यांभोवती दोन गोल काढले, मधे एक रेघ. चष्मा.

"हे आजोबा," ती म्हणाली.

मी ती वडी उचलायला हात पुढे केला, पण आईने माझा हात बाजूला सारला. वडी नीट निरखून पाहिली. मग चष्म्याच्या एका गोलापासून खाली एक बारीक, नागमोडी रेघ सोडली. "यांच्या चष्म्याला दोरा असतो. नाहीतर कुठेही विसरतात."

"असायचा, आजी," लेक म्हणाली. तिला मराठीच्या पेपरात 'काळ ओळखा' होतं आणि ते आजोबांनीच तिच्याकडून घोटवून घेतलं होतं. "असायचा म्हण. आजोबांनीच सांगितलंय, होऊन गेलं ते भूत. म्हणून भूतकाळ."

मी तिला एक ठेवून देणार होते. खरंच हात उचलला होता. आईने कोन शांतपणे ताटलीत ठेवला, बेसिनवर हात धुतले, खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

"मी काय चुकीचं बोलले?" लेकीच्या डोळ्यांत पाणी. व्याकरणात काहीच चूक नव्हती. उरलेल्या भुतांना डोळे काढताना माझे कान खोलीच्या दाराकडे होते. आपण हे काय मांडून बसलो, असं सारखं वाटत होतं.

संध्याकाळी मुलांची झुंड बेल वाजवत आली. काळे झगे, रंगवलेली तोंडं. त्या गलक्याने आई बाहेर आली. मला वाटलं, आता पिशवी घेऊन दाराशी बसणार. पण तिने माझ्या हातातलं ताट घेतलं आणि एकेकाला "तू कुणाचा रे?" विचारत वाटायला लागली. एका पोराने चष्म्याच्या भुताकडे हात नेला. "ते नको, दुसरं घे," ती म्हणाली.

मुलं गेली. ताटात तेवढं एकच उरलं होतं. आई खुर्चीवर बसली, वडीचे दोन तुकडे केले, एक लेकीला दिला, एक स्वतः खाल्ला. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत.

"यांना आवडलं असतं," ती म्हणाली.

हेच ऐकायला मी एवढे दिवस जीव टांगणीला लावून बसले होते. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. बाबा गेल्यापासून मी रडलेच नव्हते. आईच्या तोंडून रोज त्यांचा चहा, त्यांचा पंखा ऐकताना मीही त्यांना कुठेतरी असू दिलं होतं, हे मला तिथे कळलं.

डोळे पुसून बाहेर आले तर ती तशीच बसलेली. पिशवी खोलीतल्या खुंटीवर होती.

"घरी कधी सोडतेस मला?"

"उद्या जाऊ," मी सवयीने म्हणाले.

"उद्या म्हणजे उद्याच. यांचं कपाट आवरायचंय. तू थांब बरोबर, मला एकटीला नाही जमायचं." ती लेकीच्या तोंडाला लागलेलं चॉकलेट पदराने पुसत होती. "आणि रिकाम्या पिशव्या जास्त घे. यांना सदरे फार लागायचे."