बादल्यांच्या फॅक्टरीतला मुलगा

जबलपूरजवळच्या रांझीत तेव्हा कोणत्याही पोराला विचारा, "काय रे, तुझे बाबा फॅक्टरीत काय बनवतात?" पोरगं पापणी न लवता सांगायचं, "बादल्या." शेजारच्या पोराला विचारा, तोही बादल्या. साऱ्या क्वार्टर्सच्या बापांनी मिळून जर खरोखर बादल्या बनवल्या असत्या, तर नर्मदा कधीच उपसून झाली असती. पण दारूगोळ्याचं काम, त्यात मोठ्या लढाईच्या दिवसांपासूनची सक्त ताकीद, की आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही. मग बोलायचं काय, तर बादल्या. हे उत्तर कोणी काढलं ते पोरांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. बापाकडून पोराकडे ते आडनावासारखं आपोआप यायचं.

श्रीरंग खानझोडे हा असाच एक बादलीवाला. त्याचे बाबा अंबादास फिटर होते. बोलणं बेतानं, पण सायकलची घंटी अशी वाजवायचे की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. शहपुऱ्याच्या राधाबाई, म्हणजे श्रीरंगच्या आईची मावशी, एकदा पाहुण्या आल्या आणि जाताना म्हणाल्या, "जावईबापू, इतक्या बादल्या बनवून राहिले तुम्ही, तर माझ्या म्हशीसाठी दोन आणा ना." आता काय करता? अंबादास गेले बाजारात, दोन बादल्या घेतल्या आणि स्वतः बसमध्ये चढवून दिल्या. राधाबाईंनी बोटानं टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "सरकारी माल. आवाजावरूनच समजते." श्रीरंगची आई सत्यभामाबाई पदरात तोंड लपवून इतकी हसली की तिला ठसका लागला.

फॅक्टरीच्या भोंग्यावर सगळं घर चालायचं. दुपारचा भोंगा झाला की सत्यभामाबाई तवा चढवणार आणि श्रीरंग पाट मांडून तांब्या-भांडं भरून ठेवणार. तांब्या ठेवून पाठ वळते न वळते तोच दारात घंटी. हे काम त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की कॉलेजात गेल्यावरही सुटीच्या दिवशी भोंगा वाजला की हातातलं पुस्तक खाली पडायचं आणि पाय माठाकडे वळायचे.

बी.एस्सी. झाल्यावर त्यानं पेपरात जाहिरात पाहिली. जपान सरकारची शिष्यवृत्ती, तिथल्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी खास अभ्यासक्रम. आधी जपानी भाषा नि तिकडचं जीवन शिकायचं, त्यात पास झालं की पुढं मोटारींच्या वर्कशॉपचं शिक्षण. रांझीत त्या सुमारास जपानी बनावटीच्या गाड्या नव्यानं बनायला लागल्या होत्या, म्हणून त्यानं अर्ज ठोकला आणि त्याचं नाव चक्क निघालं.

सत्यभामाबाई म्हणाल्या, "काहून जातो इतक्या दूर? जपानच्या गाड्या इथंच तर बनून राहिल्या."

"आई, त्या बनवतात कशा ते शिकायला."

"मग बाबांना विचार ना."

"बाबा तर बादल्या बनवतात," श्रीरंग म्हणाला. अंबादास पेपराआड हसले. आणि स्टेशनवर गाडी हलताना त्यांनी पोराला उपदेश केला तो एवढाच, "तिकडे कोणी विचारलं का बाप काय करते, तर माहीत आहे ना?"

"आहे, बाबा."

एकाहत्तरच्या एप्रिलात तो ओसाकाजवळच्या त्या विद्यापीठात पोचला. वर्गात थायलंडचे, ब्राझीलचे, इंडोनेशियाचे, असे नाना देशांचे विद्यार्थी. शिकवायला मोरिता बाई. लहानखुऱ्या, केस पांढरे, आणि विद्यार्थ्यानं चूक केली की स्वतःच वाकून माफी मागणार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, "तुमचे वडील काय करतात?" श्रीरंगला बादलीचा जपानी शब्द कुठं येत होता? तो फळ्याकडे गेला आणि खडूनं ऐटबाज बादली काढली, कडीसकट. वर्ग हसला. पुढचा नंबर तुफैलचा. तो पाकिस्तानातल्या वाह गावचा, उंचेला, भुवया जाड. तो उठला, फळ्यावरच्या त्याच बादलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "माझेही."

श्रीरंगचं डोकं फिरलं. त्याला वाटलं, हा पट्ठ्या आपली नक्कल करून राहिला. मोरिता बाईंना मात्र कोण आनंद. दोन देश, दोन वडील, दोघंही बादल्या बनवणारे. त्यांनी तिथल्या तिथं दोघांची जोडी लावून टाकली. अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा जोडीनंच द्यायची होती. डिसेंबरअखेर मंचावर उभं राहून 'माझं गाव' या विषयावर एकमेकांशी जपानीत बोलायचं. संवादाची परीक्षा, त्यामुळे पास तर दोघं, नापास तर दोघं. जो नापास, त्याला वर्कशॉप नाही, घरचं तिकीट.

पहिले काही दिवस श्रीरंग फुगूनच होता. पण वसतिगृहात दोघांना एकमेकांची बोली समजायची आणि दोघांनाही रोजच्या त्या फिक्या सूपचा कंटाळा आला होता. एका रविवारी तुफैलनं रॉकेलच्या शेगडीवर डाळ चढवली आणि फोडणीचा वास श्रीरंगला नाकाला धरून जिना उतरवून घेऊन आला. "आइए खान साहब," तुफैल म्हणाला. खानझोडे नावाचा एवढा मोठा पल्ला त्याला झेपत नव्हता.

"खान नहीं, खानझोडे. हमारे यहाँ का है, नागपूर तरफ का."

"अरे यार, आधा तो हमारा ही है ना. बैठ."

श्रीरंगनं आईचं लोणचं आणलं आणि त्या दिवसापासून डाळ तुफैलची, लोणचं सत्यभामाबाईंचं.

एकदा मोरिता बाईंनी दोघांना घरी चहाला बोलावलं. लहानपणापासून श्रीरंगच्या कानावर एकच, पानात टाकायचं नाही. तो चहाचा कप रिकामा करायचा, की बाई भरायच्या. त्यांच्याकडे रिकामा कप म्हणजे पाहुण्याला आणखी हवं. हा पितोय, त्या भरताहेत. शेवटी तुफैलनं टेबलाखालून लाथ घातली, "एक घूँट छोड़ दे, वरना यहीं डूबेगा." परतताना श्रीरंग रस्त्यात चार ठिकाणी थांबला आणि प्रत्येक वेळी तुफैल लांब उभा राहून आकाशाकडे बघत शीळ घालत होता.

असे दिवस चालले होते, आणि डिसेंबर लागताच तिकडे लढाई पेटली.

वसतिगृहाच्या हॉलमध्ये पेपर यायचा. श्रीरंगला त्यातली अर्धी अक्षरं वाचता यायची आणि उरलेल्या अर्ध्यांत काय असेल या भीतीनं तो तोच पेपर पुन्हा पुन्हा चाळायचा. रांझीत आता काचांना काळे कागद लागले असतील, बाबा दुहेरी पाळी करत असतील. आणि विमानं येतात ती कशावर येतात? दारूगोळ्यावरच. बादल्यांच्या कारखान्यावर कोण बॉम्ब टाकेल? हीच तर पंचाईत. ही भीती तो बोलणार कोणाशी? ज्याच्याशी बोलावं त्याच्याच देशाची विमानं, आणि त्याला तर सांगून ठेवलेलं, बाबा बादल्या बनवतात.

दोघं वर्गात शेजारीच बसत राहिले. पण हिंदी-उर्दू दोघांनीही गुंडाळून ठेवली. आता फक्त जपानी, तीही पुस्तकातली.

"आज थंडी आहे, नाही का?"

"होय. फार थंडी आहे."

मोरिता बाईंना वाटायचं, काय सराव चाललाय. मग एकदा त्यांनी दोघांचे चेहरे नीट पाहिले आणि त्यांनी ते वाक्य परत कधी कोणाला म्हणायला लावलं नाही.

पंधरवड्यात लढाई संपली. शहरातली भारतीय मुलं रव्याचे लाडू घेऊन वसतिगृहात आली. श्रीरंगच्या पाठीवर थापा पडल्या, त्यालाही बरं वाटलं, खोटं काहून सांगा. बाबा सुखरूप असणार, हेच पहिलं मनात आलं. पण लाडू तोंडाशी नेताना खालच्या मजल्यावरचं तुफैलचं बंद दार डोळ्यांपुढं आलं आणि त्यानं तो रुमालात बांधून ठेवला.

तुफैल खोलीबाहेर येत नव्हता. जेवायला नाही, वर्गात नाही. परीक्षेच्या तयारीची सुटी लागली आणि मोरिता बाईंनी श्रीरंगला बोलावून घेतलं. हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला दुसरा जोडीदार देता येईल. एक थाई विद्यार्थी दुसऱ्यांदा मंचावर यायला तयार आहे. पण मग तुफैल-सान एकटे पडतील, त्यांना जावं लागेल. तुम्ही हो म्हणालात तर तुम्हाला कोणी दोष देणार नाही."

वर्कशॉपचं दार श्रीरंगपुढं उघडं होतं. नुसती मान हलवायची. तो म्हणाला, "उद्यापर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवशी तो लाडवाचा रुमाल खिशात टाकून खालच्या मजल्यावर गेला. दारासमोर उभा राहिला. माफी मागावी, तर कशाची? समजूत घालावी, तर कोणत्या तोंडानं? ठोठावायला उचललेला हात त्यानं खाली घेतला, तसाच आपल्या खोलीत परतला आणि खिडकीशी बसून राहिला.

तेवढ्यात जवळच्या सूतगिरणीचा बाराचा भोंगा झाला. एरवी या वेळी सगळे लांब वर्गात असायचे, तिथवर तो ऐकू येत नसे. तो लांबलचक, खालून वर चढत जाणारा आवाज ऐकला आणि श्रीरंगला काही कळायच्या आत त्याच्या हातात पाण्याचा जग आला, पाय खालच्या मजल्यावरच्या नळाकडे चालू लागले.

नळावर तुफैल उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, आणि हातात जग. जग भरून वाहत होता तरी त्यानं नळ बंद केला नव्हता.

दोघांनी एकमेकांच्या हातातले जग पाहिले. कोणालाच तहान लागलेली नव्हती.

"भोंपू?" श्रीरंगनं विचारलं.

तुफैलनं मान हलवली. "अब्बा आते थे. पानी रखना मेरा काम था."

श्रीरंगनं हात लांब करून नळ बंद केला. मग हळूच म्हणाला, "बाल्टियाँ बनाते हैं ना तेरे अब्बा?"

तुफैलनं हातातला जग खाली ठेवला. "हाँ," तो म्हणाला. "जैसी तेरे अब्बा बनाते हैं."

तिथंच, नळाजवळच्या थंडगार फरशीवर, दोघं बसले. तुफैल बोलायला लागला तो मग थांबेना. वाहच्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत सगळी पोरं बाल्ट्याच सांगतात. ही बात त्याचे अब्बा फाळणीच्या वेळी हिंदुस्थानातून येताना बरोबर घेऊन आले. कुठून? जबलपूरहून. रांझीत कामाला होते. अजून सांगतात, तिथं सुटी झाली की फाटकातून सगळ्या सायकली एकदम निघायच्या आणि घंट्यांचा असा गजर व्हायचा की कारखाना आहे का मंदिर, कळत नसे. "उस दिन तूने बाल्टी बनाई तो मैं समझ गया था," तुफैल म्हणाला. "पर बोलता कैसे? मना है ना."

"मला वाटलं तू नक्कल केली."

हे तो मराठीतच बोलून गेला, पण तुफैलला समजलं. "रात-रात भर सोचता था," तुफैल म्हणाला, "अगर वहाँ बम गिरा तो अब्बा..."

"मीही," श्रीरंग म्हणाला. "मैं भी यही."

त्यानं खिशातून रुमाल काढला. लाडू चुरगळून त्याचा रवा झाला होता. कशाचा लाडू ते त्यानं सांगितलं नाही आणि तुफैलनं विचारलं नाही. कळलं मात्र असणार. आधी त्यानं नुसती एक चिमूट उचलली, आणि मग भुकेलेल्या माणसासारखा सगळा रुमाल पुसून काढला.

परीक्षेच्या दिवशी दोघं मंचावर उभे राहिले. एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं विचारायचं असं ठरलं होतं, पण झालं भलतंच. एक म्हणाला, माझ्या गावात दुपारी भोंगा वाजतो. दुसरा म्हणाला, आई तवा चढवते. पहिला म्हणाला, मी पाणी भरतो. दुसरा म्हणाला, दारात सायकलची घंटी वाजते. ऐकणाऱ्यांना कळेना ही दोन गावं आहेत का एकच. मोरिता बाईंनी चष्मा काढून पुसला आणि शेवटचा प्रश्न विचारला, "आणि तुमचे वडील अजून बादल्याच बनवतात?"

दोघं एका सुरात म्हणाले, "होय."

वर्कशॉपचं शिक्षण दोघांनी एकाच इंजिनावर घेतलं. पुढं श्रीरंग जबलपूरला परतला, नोकरीला लागला, तिथल्याच चेरीताल वस्तीत त्यानं घर केलं. दोन्ही देशांमधलं टपाल तेव्हा बंद होतं, म्हणून खुशाली जायची ती मोरिता बाईंच्या पत्त्यावरून; नंतर टपाल सुरू झालं तरी तीच वाट राहिली. ओसाकाहून आलेल्या पाकिटात कधी वाहची सुपारी निघायची, कधी फोटो.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं बाबांना सगळं सांगितलं होतं. अंबादासांनी तुफैलच्या वडिलांचं नाव विचारलं. इनायत, म्हटल्यावर त्यांचा घास हातातच राहिला. "टिन शॉपमधले, पत्रा ठोकणारे इनायत मिस्त्री? अरे, मी नवा पोरगा होतो तेव्हा. साहेबानं दम दिला होता, बाहेर बोलाल तर नोकरी जाईल. संध्याकाळी फाटकावर एक टांगेवाला विचारून राहिला, आत काय बनवता? सगळे गप. इनायत मिस्त्री म्हणाले, बाल्टियाँ, तुझे चाहिए? तेव्हापासून चाललं ते." मग त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "पाकिस्तानात गेले ते माहीत होतं," एवढंच म्हणाले.

अंबादास निवृत्त झाले त्या वर्षी ओसाकाहून एक खोकं आलं. आत कापडात गुंडाळलेली, वीतभर उंचीची पत्र्याची बादली. काठ हातानं वळलेला, कडी तारेची, आणि बुडाला कसलंही नाव नाही. इनायत मिस्त्रींनी बनवून मुलाकरवी पाठवली होती.

अंबादासांनी ती हातात फिरवून फिरवून पाहिली, काठावरून अंगठा नेला. मग उठले, माठातल्या पाण्यानं ती काठोकाठ भरली आणि खिडकीच्या उजेडात वर धरून उभे राहिले. एक थेंब खाली आला नाही.

"गळत नाही," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला दुसरा हात वर नेला.

सत्यभामाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून ती बादली हळूच काढून घेतली, तिच्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि म्हणाल्या, "चला, इतक्या वर्षांत यांच्या फॅक्टरीतून एक तरी बादली निघाली."