जर्मन क्रॉसला चिंच

आमच्या काकांच्या कपाटात जर्मन सैनिकांची चाकरी ठेवलेली आहे. शंभरएक वर्षांमागे कैसरच्या सैन्यात नऊ किंवा बारा वर्षं इमानाने काढली की पदक मिळायचं, पंधरा काढली की तांब्याचा क्रॉस. काका ती जमवतात. (आमच्याकडे बारा वर्षं काढली की पाठदुखी मिळते.)

मी आठवीत शाळा सोडून नांदेडकडच्या गावाहून डोंबिवलीला आलो, तो या लांबच्या काकांकडे. त्यांनी राहायला जागा दिली, मानपाड्याच्या कारखान्यात चिकटवलं. उपकार इतके, की मी त्यांच्या घरात टाचा टेकवूनसुद्धा चालत नसे.

त्या खंडेनवमीला काका म्हणाले, "दिग्या, हत्यारं घासून पाटावर मांड. मी फुलं आणतो. दुपारी प्रधान यायचेत."

प्रधान घोडबंदर रोडचे, तसलेच छंदिष्ट. काकांकडे पंधरावाले क्रॉस दोन, बारावालं पदक एक, नऊवालं एकही नाही. एक क्रॉस देऊन प्रधानांचं नऊवालं घेतलं की संच पुरा. काका याच दिवसासाठी कित्येक वर्षं थांबलेले.

मी पाना, पक्कड, विळी घासली. टेबलावर तो द्यायचा क्रॉस दिसला, काळाकुट्ट. म्हटलं, सैन्यातली वस्तू आणि पूजेला नाही? चिंच-मीठ लावून असा घासला, की रुखवतातल्या तांब्यासारखा गुलाबी झाला!

काकूंनी पाहिलं आणि स्टुलावरच बसल्या. "अरे दिग्या, त्या काळेपणावरूनच तर जुनं ओळखतात रे. आता हा कालचा वाटतोय."

तेवढ्यात प्रधानांचा फोन. "घोडबंदरलाच अडकलोय." ट्रॅफिक सुटू नये म्हणून नवस बोललेला ठाणे जिल्ह्यातला मी पहिलाच असेन.

क्रॉस गॅसवर धरला, बोट भाजलं. चहाच्या चोथ्यात बुडवला, उलट जास्तच चमकला. शेवटी काकूंची काजळाची डबी घेतली.

काका फुलं घेऊन आले, पाठोपाठ प्रधान. भिंग लावून त्यांनी क्रॉस उलटसुलट केला, मान डोलावली आणि नाक खाजवलं. नाकावर काळा पट्टा. मग त्यांनी स्वतःचं बोट पाहिलं.

"हे काय आहे?"

"काजळ," मी म्हणालो. "दृष्ट लागू नये म्हणून."

काकांनी रुमालाने क्रॉस पुसला. खालून गुलाबी निघाला. प्रधानांनी आपलं नऊवालं परत खिशात घातलं, "येतो" म्हणाले आणि तसेच काळ्या नाकाने जिना उतरले. सांगायची कोणाची छाती झाली नाही.

मी गुपचूप पिशवी भरायला घेतली. काका दारात उभे.

"कुठे?"

"गावी."

"इथे येऊन किती वर्षं झाली तुला?"

"पाच."

"मग अजून दहा काढायचीत. हा क्रॉस तुझ्या नावाने ठेवलाय. तोवर हलायचं नाही."

आता तीन उरलीत. क्रॉस हळूहळू पुन्हा काळा पडतोय. आणि दर खंडेनवमीला काकू आधी चिंचेची बरणी कुलपात ठेवतात, मग मला हत्यारं घासायला सांगतात.