लॉबीतलं मशीन

मी पिंपरी-चिंचवडमध्ये टुरिस्ट गाइड आहे. लग्नाकार्यात हे सांगितलं की समोरच्याच्या तोंडातला पेढा तिथंच थांबतो. "म्हणजे पुण्यात?" तो विचारतो. नाही, इथंच. "पण इथं दाखवता तरी काय?" मी म्हणते, तुम्ही जन्मभर इथंच राहताय ना, मग तुम्ही काय बघता? यावर तो दुसरा पेढा घेतो आणि विषय पावसाकडं नेतो.

पुण्यातल्या गाइडांचं बरं असतं. वाडे, बागा, पेठा, पाट्या, सगळं त्यांच्या वाडवडिलांनीच मांडून ठेवलंय. आमच्याकडं चाकणचा भुईकोट आहे, पण तो दाखवायचा तर आधी तिथवर पोचायला हवं. किल्लेदारानं मूठभर माणसांनिशी तो किल्ला कसा झुंजवला, ही गोष्ट मी बहुतेक वेळा तळेगाव चौकात गाडीत बसूनच सांगून टाकते. वेढा म्हणजे काय, हे त्या चौकात अडकलेल्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही.

माझी गिऱ्हाइकं दोन प्रकारची. चाकणच्या कंपन्यांत आलेले परदेशी साहेब हा पहिला प्रकार. रविवारी ते हॉटेलात कंटाळतात, म्हणून कंपनीवाले त्यांना माझ्या ताब्यात देतात. त्यांना हत्ती बघायचा असतो. दुसरा प्रकार म्हणजे पुनावळ्याकडच्या मोठाल्या सोसायट्या. त्यांना 'हेरिटेज वॉक' हवा असतो, सकाळच्या उन्हाआधी, आणि मध्ये नाश्ता. एकदा अशाच एका सोसायटीला मी सांगितलं, की तुमच्या स्विमिंग पूलच्या जागी ऊस होता आणि ज्यांचा होता ते आजोबा आत्ता तुमच्या गेटसमोरच्या पारावर बसलेत. झालं, सगळा जथा आजोबांचे फोटो काढायला धावला. आजोबा गडबडून मला म्हणाले, "काय झालं बाई? कुनी गेलं का?" म्हटलं, नाही आजोबा, इतिहास बघायला आलेत. "मंग बघू द्या की. आमी कुटं जातोय."

कलेचं म्हणाल तर आमच्या शहराची कला शिफ्टमध्ये वाढली. आकुर्डीच्या आमच्या वसाहतीत कामगारांचं नाटक बसायचं. नायक पहिल्या शिफ्टला, खलनायक दुसऱ्या शिफ्टला, त्यामुळं दोघांची गाठ थेट रंगमंचावरच पडायची आणि मारामारी फार खरी वाटायची. आता नाट्यगृहं मोठी झालीत, खुर्च्या मऊ झाल्यात आणि नाटकं पुण्याहून येतात. आम्ही टाळ्या तेवढ्या स्थानिक वाजवतो.

गाइडचं काम मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. पहिला गाइड मी पाहिला तो माझे वडील. पप्पा बीडकडून इथं आले आणि एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये लागले. पत्रा मशीनखाली धरायचा, मशीन दणका देणार, पत्र्याचा पार्ट होणार, हे त्यांचं काम. कंपनीत घरच्यांना वर्षातून एकदाच आत सोडत, खंडेनवमीला. त्या दिवशी मशीनं बंद, शॉपभर झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ आणि प्रत्येक पोराच्या हातात बुंदीचा पुडा. आमच्या घरात देव नाहीत, आम्ही बौद्ध. दुसऱ्या दिवशी आम्हाला पांढरे कपडे घालून विहारात जायचं असायचं. त्यामुळं बाकीचे पूजा करत तेव्हा पप्पा आपलं मशीन पुसत. नुसतं वरवर नाही, खाली वाकून, सांध्यासांध्यातून, आंघोळ घालावी तसं. शेजारच्या मशीनवरचे काका दरवर्षी म्हणत, "अरे, एक हळदीचं बोट तरी लाव." पप्पा दरवर्षी म्हणत, "त्याला हळद नको, ऑइल पाहिजे."

मग ते आम्हाला फिरवत. आजतागायत इतका चांगला गाइड मी पाहिलेला नाही. आवाज चढवायचे नाहीत, हातवारे नाहीत. "हितं मी उभा राहतो. हितून पत्रा घालतो. हा पाय पॅडलवर. आन् हितं माझं बोट गेलं. चला पुढं, कॅन्टीन दाखवतो." पप्पांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे. ओव्हरटाइमला, डोळ्यावर झापड असताना, त्या मशीननं ती नेली. त्यानंतर त्यांनी निवृत्तीपर्यंत त्याच मशीनवर काम केलं. आई म्हणायची, ज्यानं बोट खाल्लं त्यालाच पुसता होय? पप्पा म्हणायचे, "चूक त्याची नव्हती."

पुढं कंपनी बंद पडली. जागेवर पत्र्याचं कुंपण लागलं, कुंपणावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र लागलं आणि बघता बघता तिथं टॉवर उभे राहिले. नाव इंग्रजी, झाडाचं. ते झाड मी या जिल्ह्यात अजून पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी त्याच टॉवरच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. आयटीतले गृहस्थ, बोलायला गोड. "मॅडम, आमच्या जागेला इंडस्ट्रियल हेरिटेज आहे. खंडेनवमीला वॉक करू या. आमच्या लॉबीपासून सुरू, लॉबीत शेवट." इतका छोटा वॉक मी कधी केला नव्हता, पण हो म्हटलं. जागा बघायला गेले. लॉबीत संगमरवर, कारंजं, आणि समोरच्या भिंतीलगत काळ्या चौथऱ्यावर एक पॉवर प्रेस. तिला तांब्याचा रंग फासलेला, वरून चार दिवे सोडलेले, भोवती लाल दोरी. शेजारी पाटी, 'श्रमाचे सौंदर्य. कृपया हात लावू नये.' सेक्रेटरी म्हणाले, "जुनं भंगार होतं, आमच्या डिझायनरनं काय लूक दिलाय बघा." मी फोटो काढला आणि घरी पप्पांना दाखवला.

पप्पांनी फोन नाकाजवळ धरला, लांब धरला, मग चष्मा काढून पुन्हा जवळ धरला. खालच्या अंगाला वेल्डिंगची एक वेडीवाकडी शिवण होती. तिच्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

"हे आपलं हाय," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी माझा पिच्छा सोडला नाही. चहा देताना तेच, भाजी निवडताना तेच. "मला एकदा त्याच्यापाशी नेतेस का?" काय करायचंय विचारलं तर म्हणाले, "काही न्हाई. माझ्या जागेवर उभं राहायचंय." आयुष्यात या माणसानं मला काही मागितलेलं आठवत नाही. माझ्या कॉलेजच्या वेळी घोड्यासारखा राबला, पण स्वतःसाठी चप्पलसुद्धा मागितली नाही, ती आईनंच आणायची. तेव्हा मी ठरवलं, न्यायचंच. वॉकमध्ये सामील करून नेऊ, कोण विचारतंय. फक्त बजावलं, "पप्पा, तिथं काही बोलू नका हं. माझं गिऱ्हाईक आहे." ते म्हणाले, "मी कशाला बोलू."

खंडेनवमीच्या सकाळी लॉबी भरली होती. मंडळींना एकसारख्या टोप्या दिल्या होत्या. पप्पांनीही टोपी घातली. मशीनच्या पायाशी लाल कापड अंथरलेलं आणि त्यावर लॅपटॉप ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर हळदकुंकू. शस्त्रं बदलली की पूजाही बदलते, त्याला माझी हरकत नाही. पण एका बाईंनी शेजारी आपलं एअर फ्रायर आणून ठेवलं होतं, त्याला मात्र मी आतल्या आत हात जोडले. मशीनलाही हार घातला होता. सेक्रेटरींनी नारळ फोडायला घेतला, पण संगमरवर तडकेल म्हणून तो बाहेर पार्किंगमध्ये फोडून आणण्यात आला.

मी माझं भाषण सुरू केलं. खेडी, कंपन्या, वसाहती, भोंगे. लोक माना डोलावत होते, निम्मे फोनमध्ये. पप्पांकडं लक्ष गेलं तेव्हा ते दोरीच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. मग मलाही दिसलं, जे मी पहिल्या दिवशी बघायला हवं होतं. डिझायनरनं मशीन उलटं बसवलं होतं. ज्या बाजूला माणूस उभा राहायचा, ती बाजू भिंतीकडं होती. लोकांकडं होती ती पाठ, कारण पाठीवर मोठं चाक होतं आणि चाक फोटोत छान दिसतं. गणपतीची मूर्ती भिंतीकडं तोंड करून बसवली असती तर याच लोकांनी दंगा केला असता.

पप्पांनी दोरी उचलली आणि वाकून आत गेले. भिंत आणि मशीन यांच्यात एक माणूस अंग चोरून मावेल एवढी फट होती. सेक्रेटरी धावले.

"काका, काका, प्लीज. हात लावू नका. ते इन्स्टॉलेशन आहे."

पप्पा थांबले, पण बाहेर आले नाहीत. मी माइक घेऊन पुढं झाले आणि दोरीपाशीच अडले. गिऱ्हाईक माझं, बाप माझा, बाजू कुणाची घ्यायची? चार लोकांसमोर माइक धरून बोलण्याचे मी पैसे घेते.

"काका, हे सोसायटीच्या मालकीचं आहे," सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले. "सगळ्या मेंबर्सनी यात कॉन्ट्रिब्यूट केलंय. तुमचं काय आहे यात?"

"बोट," पप्पा म्हणाले, आणि उजवा हात वर करून दाखवला.

सेक्रेटरी आधी हाताकडं, मग मशीनकडं, मग माझ्याकडं बघत राहिले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी स्वतः दोरी सोडली. पप्पा चौथऱ्यावर चढून त्या फटीत शिरले. समोरून त्यांचे फक्त पाय दिसत होते. खिशातून रुमाल काढून ते पुसतायत, एवढं मला आवाजावरून कळलं. मंडळी फोन सरसावून पुढं आली आणि मग वैतागली, कारण चाकाच्या बाजूनं काका फ्रेममध्ये येईनात. कुणी तरी म्हणालं, "अंकल, जरा इकडं या ना." पप्पांनी ऐकलं नाही. मी माइक बंद करून टाकला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

निघताना सेक्रेटरींनी पप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, तुम्ही आमच्यासाठी लिव्हिंग हेरिटेज आहात. कधीही या. आपलंच समजा."

पप्पा साधे. त्यांनी आपलंच समजलं. पुढच्याच आठवड्यात म्हणाले, "ऑइलची बाटली घेतलीय, सोडतेस का?" मी त्यांना टॉवरच्या गेटशी उतरवलं आणि गाडी लावून परत आले. ते अजून बाहेरच उभे होते. सिक्युरिटीचं पोरगं मोबाइलच्या ॲपमध्ये त्यांची एन्ट्री शोधत होतं. पोरगं मराठवाड्याकडचंच, बोलण्यावरून पप्पांच्या गावाशेजारचं वाटत होतं.

"कोणत्या फ्लॅटला जायचंय, काका?"

"फ्लॅट न्हाई बा. आत जायचंय."

"तसं न्हाई चालत. कुणाला तरी भेटायचं असंल ना?"

काचेच्या दारातून लॉबी दिसत होती, दिव्यांखाली तांबडं चमकणारं मशीन दिसत होतं. पप्पांनी हात उचलला आणि अर्ध्या बोटानं तिकडं दाखवलं.

पोरानं मान वळवून नीट बघितलं. मनापासून बघितलं, उगाच खोटं कशाला बोलू.

"तिकडं कुणीच न्हाई, काका," ते म्हणालं.