लग्न तुकड्या-तुकड्यांनी आलं

बहिणीच्या लग्नाला मी गेलो नाही. राळेगावच्या झेरॉक्सच्या दुकानात नुकताच लागलो होतो. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला कॉम्प्युटरसमोर बसवलं, वर मागची खोलीही राहायला दिली, त्या मालकीणबाईंना लगेच सुट्टी कोणत्या तोंडानं मागायची? त्यांना मी काकू म्हणतो.

महागावकडच्या आमच्या बंजारा तांड्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत, गाऊनच निरोप घ्यायचा. माझा गळा तिथं नव्हता. लग्नानंतर तिचा फोन आला की एकच प्रश्न, "भिया, माझा ढावलो ऐकला का?" नाही म्हटलं की फोन बंद. ती रागावली होती की काय, हे त्या ढावलोतच कळणार होतं.

लग्न मोबाइलवर चित्रित केलं चुलत भावानं. पुण्याला परत गेल्यावर त्यानं अख्खा व्हिडिओ टोरेंटवर टाकला, म्हणजे तांड्यातली कामाला पांगलेली माणसं एकमेकांकडून तुकड्या-तुकड्यांनी उतरवून घेतील. मी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवला. लावला, तर हळदीतच अडकला. मावशीचा पिवळा हात बहिणीच्या गालाजवळ थांबला तो थांबलाच.

भावाला फोन केला. "हार्ड डिस्क किती भरली?"

"गच्च."

"मंग काय होईन. तुकडे उलटेसुलटे येतात, शेवटचा आधी, पहिला मागून. तुह्या डिस्कले जिथं फट दिसली तिथं तिनं कोंबले. आता वाचाले इकडून तिकडं पळून राह्यली. डीफ्रॅग लाव, तुकडे ओळीनं लागतीन."

लावलं. दिवसभर कॉम्प्युटर घरघरत राहिला आणि संध्याकाळी रिकामी जागा कमी आहे म्हणून त्यानं हात वर केले. तोवर काकूंचं सगळं काम तुंबलं होतं.

"लोकायच्या पत्रिका छापाच्या हायेत मले," त्या म्हणाल्या. "तुह्या बहिणीचं झालं नं आता लग्न?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा भावाला फोन.

"पुसून टाक अन् नव्यानं उतरव. आधी जागा मोकळी कर. सेटिंगमध्ये अख्ख्या फाइलची जागा आधीच राखून ठेवाची खूण हाय, ते कर. उतरव एका ड्राइव्हवर, पुरी झाली की दुसऱ्यावर हलव. अन् तवा दुसरं काहीच उतरवू नको."

"हे कालच काहून नाही सांगितलं?"

"तू इचारलं काय?"

जागा करायला काकू स्वतः बसल्या. जुन्या तेरवीच्या पत्रिका पुसायच्या होत्या, पण प्रत्येकीवर त्या थांबायच्या. "हे लय चांगले होते रे. राहू दे." मेलेल्या माणसांनी डिस्क अडवली होती, आणि ज्यांच्या उपकारावर मी राहत होतो त्यांना घाई करा म्हणायची सोय नव्हती.

शेवटी जागा झाली. खूण केली, फाइल उतरली, हलवली. मी व्हिडिओ लावून झेरॉक्स काढत ऐकत राहिलो. हळद पार पडली. मग बहिणीचा आवाज आला आणि थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला.

"अडकलं नं रे पुन्हा," काउंटरवरून काकू म्हणाल्या. "डब्बा झाला तो."

मी चिडून बंद केलं. फाइल परत हलवली, परत लावली. नेमकी तिथंच थांबली. आता कॉम्प्युटर उचलून रस्त्यावर ठेवावा, असं वाटलं. त्याआधी एकदा पडद्याकडे नीट पाहिलं. आवाज नव्हता, पण बापाचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता. चित्र चालूच होतं. तिला हुंदका आला होता. ढावलो असाच असतो, थांबत थांबत. लहानपणापासून ऐकत आलो, आणि मी डिस्कचा दोष शोधत बसलो होतो.

मग ती सरळ कॅमेऱ्याकडे आली. माझ्या वाट्याचा गळा तिनं चुलत भावाचा घेतला. मोबाइल दोघांच्या मध्ये दबला, पडदा काळा झाला, नुसता आवाज उरला. भिया दूर गेला, त्याला कोणी बोल लावू नका, त्याची जागा टिकू द्या, असं ती आमच्या बोलीत गात होती.

"आता तर चित्रच गेलं," काकू मागे येऊन उभ्या होत्या.

"नाही काकू, हे असंच हाय."

त्यांनी पंखा बंद केला, त्याचा आवाज फार यायचा.

मी बहिणीला फोन लावला. "ऐकला," म्हटलं.

"इतके दिवस कायले लागले?"

मी डिस्कचं सांगायला लागलो. तिनं फोन बंद केला नाही.