पाण्याचा सिनेमा, आमच्या बाजूने

त्या सिनेमाचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. तोवर आमच्या घरात त्याला ‘पाण्याचा सिनेमा’ म्हणायची सवय झाली होती, आणि खरं नाव ऐकल्यावर ते दुसऱ्याच कुठल्या तरी चित्रपटाचं असावं असं वाटलं. इथेही मी घरचंच नाव वापरते. आई जाऊन काही महिने झाले. दुपारी घर अगदी शांत असतं. मी पुस्तक उघडते, एखादं पान वाचते, आणि मग अक्षरांच्या खाली निळं पाणी हलायला लागतं.

बहात्तरच्या दुष्काळात आमचं सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. गाव तिसगावजवळ, पाऊस आला तरी ओझरता येणाऱ्या भागातलं. वडील खणायचे, आई पाट्या वाहायची, आणि शाळा सुटली की मी जवळच एखाद्या बाभळीखाली पुस्तक घेऊन बसायचे. दोघं एकाच कामावर जात, एकाच चुलीवरचं जेवत, पण एकमेकांशी बोलत नसत.

‘तुझ्या बापाला म्हनाव, भाकरी झाली,’ आई माझ्याकडे बघून म्हणायची.

वडील हाताच्या अंतरावर बसलेले असत. तरी मी त्यांना सांगायचे, भाकरी झाली. ‘आलो म्हनाव,’ ते म्हणायचे. मग मी ते आईला सांगायचे.

वडील पट्टीचे पोहणारे होते. गावातल्या बहुतेक पोरांना त्यांनीच आमच्या विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, पोराला पाण्यात सोडायचं, आणि हातपाय नीट पडायला लागले की एक दिवस भोपळा काढून घ्यायचा. माझ्या धाकट्या भावाचा भोपळा त्यांनी दुष्काळाच्या आदल्या वर्षी काढला. त्या सकाळी तो सगळ्यांदेखत विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोहला. दुपारी कुणाला न सांगता एकटाच परत गेला. त्यानंतरचं मला लिहिता येत नाही, आणि लिहायची गरजही नाही.

‘भोपळा सोडायची एवढी घाई कशाची झाल्ती?’ असं आईनं वडिलांना एकदा विचारलं होतं. ते तिचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. वर्ष उलटून गेलं होतं.

आणि आता ती जाणार होती. शेवगावकडचा मामा येत्या बाजाराच्या दिवशी आम्हा दोघींना न्यायला येणार होता. सांगायला दुष्काळाचं निमित्त होतं. पण तिनं गाठोड्यात माझ्या भावाचे दोन सदरे घातले, तेव्हा ती परत यायची नाही हे मला समजलं. वडिलांनीही ते पाहिलं. उठून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

त्याच आठवड्यात जीप आली. कुठल्याशा परदेशी मदत संस्थेची माणसं मुलांसाठी दुधाची भुकटी वाटत फिरत होती. त्यांच्यातला एक उंच, उन्हानं लालबुंद झालेला तरुण सोबत सिनेमाचं मशीन घेऊन आला होता. लोकांनी दिवसभर दगडमाती उपसायची, तर संध्याकाळी त्यांना काहीतरी हसरं दाखवावं असं त्याला वाटलं असणार. चावडीपुढे दोन बांबू रोवून पांढरं कापड ताणलं. आमच्याकडे पडद्यावरचा कुठलाही खेळ असला, की पुरुष मशीनच्या बाजूला बसत आणि बायका पडद्याच्या पलीकडे. कुणी तसं ठरवलं होतं असं नाही. लग्नाच्या पंगतीत बायका वेगळ्या बसतात, तितकंच ते साधं होतं. आम्हा मुलींना सिनेमा आरशातल्यासारखा उलटाच दिसायचा, पण सुलटा कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तो उलटा आहे हे कुणाला माहीत?

आई येणार नव्हती. शेजारच्या काकूंनी तिला हाताला धरून उठवलं. ‘घरात बसून काय भिंती मोजायच्यात का? आन् पोरीला कोन नेनार? चल मुकाट्यानं.’

दिवेलागणीला मशीन घुरघुरायला लागलं. कापडावर रंग पसरला, आणि बायकांच्या बाजूनं एकच हुंकार आला. पाणी. निळं, स्वच्छ, काठोकाठ भरलेलं पाणी. आम्ही घागरभर पाण्यासाठी टँकरची वाट बघणारी माणसं. कितीतरी वेळ नुसतं पाणीच बघत बसलो.

‘एवढं पानी कुनाचं गं?’

‘हाटेलाचं म्हनं.’

‘आन् पीत न्हाईत कोनी त्यातलं?’

‘पोहत्यात नुसतं.’

‘काय मानसं हैत बाई!’

गोष्ट सांगायला आमच्या हायस्कुलातले इंग्रजीचे सर कर्णा घेऊन उभे होते. सुरुवातीला ते जोरात होते. पडद्यावरची माणसं भरभर बोलायला लागली तशी सरांची वाक्यं लहान होत गेली. ‘आता ते प्रेमाचं बोलत आहेत,’ ते म्हणाले. थोड्या वेळानं, ‘अजून तेच चालू आहे.’ पुरुषांच्या बाजूनं कुणी ओरडलं, ‘गुरुजी, ते दिसतंय आमाला!’ मग सरांनी कर्णा खाली ठेवला आणि तेही मांडी घालून बसले.

गोष्ट तशी सोपीच होती. नायिका एका मोठ्या हॉटेलात लोकांना पोहायला शिकवते. नायक श्रीमंत आहे, पण पाण्याला भितो, आणि तिच्या जवळ राहता यावं म्हणून शिकायला येतो. येतो तो हॅट आणि बूट घालून. कमरेला रबरी कडं. ते दिसताच दोन्हीकडून आरोळी उठली, ‘भोपळा!’

मी आईकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती.

मग नायिका थट्टेनं ते कडं काढून घेते. नायक हात हलवतो, काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि सरळ खाली जातो. पाण्यावर त्याची हॅट तेवढी राहते. लोक पोट धरून हसले. आईनं माझं मनगट घट्ट धरलं आणि ती उठू लागली. काकूंनी पदर ओढला. ‘बस, बस की.’ ती अर्धवट उठलेली, तशीच थांबली, कारण तेवढ्यात नायिकेनं पाण्यात सूर मारला होता.

आता सगळं पाण्याच्या आत होतं. आवाज थांबले, बारीक वाद्यं वाजू लागली. तिचे डोळे उघडे होते. केस मागे संथ पसरले होते, अंगाला वजनच नसावं तशी ती खाली खाली येत होती, आणि हसत होती. तळाशी नायक गोंधळून बसला होता. तिनं त्याला काखेत धरलं, पायानं तळ ढकलला आणि दोघं वर निघाली. वर येईपर्यंत ती आमच्याकडे तोंड करून होती. पाणी फुटलं, उजेड पडला, नायकानं डोक्यावर हॅट ठेवली. पुन्हा हसू झालं.

आई हळूच खाली बसली. माझं मनगट तिनं सोडलं नाही, पण पकड सैल झाली.

दुसऱ्या दिवशी तलावावर दुसरा विषय नव्हता. काकूंनीच तोंड फोडलं. ‘आमच्याकडं बघून हसली हां ती. तुमाला आपली पाठ दिसली आसंल.’

‘पाठ कशाची?’ एक जण टिकाव टेकवून म्हणाला. ‘आमाला तोंड दिसलं. पाठ तुमाला.’

‘वा रे वा! मी काय आंधळी हाय का? गालावरची खळी बघितली मी.’

‘वैनी, मशीन आमच्याकडं हुतं. बाई मशीनकडंच तोंड करनार.’

‘आन् आमी पडद्यामागं गेल्तो व्हय? तुमीच मागं हुता.’

मी सांगून पाहिलं, की उजेड कापडातून आरपार जातो, दोन्हीकडून एकच तोंड दिसतं. कुणी ऐकेना. एकच बाई एकाच वेळी दोन बाजूंना कशी बघेल? हे म्हणणं इतकं सरळ होतं, की मलाही क्षणभर माझी शंका आली.

तेव्हा वडील म्हणाले, ‘माझ्याकडं बघत हुती.’ वडील कामावर फारसं बोलत नसत. हेही त्यांनी मोठ्यानं म्हटलं नाही. पण आई पाटी घेऊन शेजारून चालली होती. ती थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘त्यांना म्हनाव, माझ्याकडं बघत हुती.’

लोक हसले. ती दोघं हसली नाहीत.

पुढे अनेक वर्षांनी मी पुण्यात एका फिल्म क्लबमध्ये तो सिनेमा पाहिला. पहिल्यांदाच सुलटा. नायिकेनं उलट्या बाजूनं सूर मारला आणि मला गरगरल्यासारखं झालं. नंतर तो टीव्हीवर लागायचा. त्यावर लिहिलेलं बरंच वाचलं. कुणी रंगांबद्दल लिहितं, कुणी गाण्यांबद्दल, कुणी जुन्या काळच्या भाबडेपणाबद्दल. एवढं जुनं, एवढं हलकं काहीतरी लोक अजून का बघतात, हा प्रश्न त्या प्रत्येकाला पडलेला असतो. गोष्टीत खरंच काही नाही. विनोद लहान मुलांचे आहेत. पण ती पाण्यात शिरली की मी आजही पुस्तक बाजूला ठेवते. असे सिनेमे करताना नट्यांना काय सोसावं लागे, तेही वाचलं. केस बसावेत म्हणून त्यांना तेल थापायचे, पाण्यानं डोळे चुरचुरायचे, आणि श्वास रोखलेला असताना हसायचं असायचं. हे कळल्यावर तिची जादू कमी होईल असं वाटलं होतं. उलट झालं. ती आपल्याला श्रम दिसू देत नाही, आणि त्या सबंध सिनेमात बुडालेलं कुणीही बुडून राहत नाही. मला वाटतं, लोक एवढ्यासाठीच परत परत जात असतील.

आईला शेवटच्या आजारपणात मी तो तुकडा मोबाईलवर लावून द्यायचे. ‘ती लाव गं, पान्यातली,’ ती म्हणायची. आधीची नाचगाणी तिला नको असत. आणि दरवेळी तक्रार असायचीच, ‘उलटी दाखवत्यात बाई हे लोक.’

पण मला सांगायचं आहे ते त्या आठवड्यातलं. कामावर भांडण झालं त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. आईनं भाकरी वाढली. माझ्याकडे न बघता, ताटाकडे बघत म्हणाली, ‘तिच्या नाकात पानी जात न्हाई का वो?’

हा ‘वो’ मला उद्देशून नव्हता. वडिलांचा घास हातातच राहिला.

‘न्हाई,’ ते म्हणाले. ‘नाकातनं हळूहळू वारं सोडायचं. मग पानी आत येत न्हाई.’

‘त्याला सांगितल्तं?’

‘सांगितल्तं.’

चुलीत काटकी मोडल्याचा आवाज झाला.

‘आन् डोळं उघडं ठिवायचं?’

‘झोंबत्यात. लई जन मिटत्यात. त्यो ठिवायचा. त्याला खालचं बघायला आवडायचं.’

‘काय दिसतं खाली?’

वडील अडखळले. सगळ्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं होतं, पण हे त्यांना कुणी विचारलं नसावं. ‘हिरवं दिसतं,’ ते म्हणाले. ‘वरनं ऊन येतं ते फाटल्यावानी, पट्ट्या पट्ट्या. आपलं हात दुसऱ्याचं वाटत्यात. कानात कायच न्हाई. लई गप असतं.’ मग म्हणाले, ‘भ्या वाटत न्हाई तिथं.’

आईनं त्यांना आणखी एक भाकरी वाढली. त्यांनी मागितली नव्हती.

बाजाराच्या दिवशी सकाळी मामा आला. गाठोडं दाराशी होतं. मामा घाईत होता. पाथर्डीहून येणारी एसटी फाट्यावर थांबायची, ती चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती. आईनं त्याच्यापुढे काळा चहा ठेवला आणि डोक्यावर पदर घेऊन वडिलांपुढे उभी राहिली.

‘मला तितं खाली नेता का?’

विहीर त्या उन्हाळ्यात कोरडी पडली होती. त्या दुपारपासून आई तिच्याकडे फिरकली नव्हती. पायऱ्या अर्ध्यापर्यंतच होत्या. पुढे गाळ काढायला लावलेली शिडी होती. वडील पुढे उतरले, मध्ये आई, मागे मी. प्रत्येक पावलाला ते वर बघून सांगत होते, ‘हितं पाय ठिव. आता हितं.’ खाली गाळाला भेगा पडल्या होत्या, पण गारवा होता. गोल आभाळ वर फार लांब होतं. दगडाच्या सांध्यात कबुतरं घुमत होती. आईनं तळाला हात लावला, तसाच ठेवला, मग ती तिथेच बसली. वडील तिच्या शेजारी बसले. हळूहळू वरून ऊन उतरायला लागलं, आधी भिंतीवर, मग तिच्या पदरावर. ती मान वर करून, डोळे उघडे ठेवून त्या उजेडाकडे बघत होती.

‘हितनंच दिसायचं का त्याला?’

‘हितनंच.’

काठावर मामाचं डोकं दिसलं. ‘आक्का!’ त्याचा आवाज फिरत फिरत खाली आला. ‘आगं चल की! यष्टी जाईल ना!’

आईनं वर पाहिलं नाही.

‘जाऊं दी,’ ती म्हणाली.