गाभाऱ्यातला खून

मॅट्रिक झाल्यावर मला गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचं काम मिळालं. छापखान्याचे मालक प्रकाशकही होते. दर महिन्याला ते एक रहस्यकादंबरी काढायचे, आणि तीही जुन्या काळातली. कधी यादवांच्या देवगिरीतला खून, कधी बहामनी दरबारातलं विष. अशा पुस्तकांचं मला वेडच होतं. प्रुफं वाचून घरी यायचे आणि छापून आलेलं पुस्तक पुन्हा दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवायचे. दादा परळच्या कापडगिरणीत साच्यांवर विणकाम करायचे. नायगावच्या आमच्या चाळीत गॅलरीत सतरंजी टाकली की शेजारचे चारपाच जणही ऐकायला येऊन बसत. खुनी कोण यावर पैजा लागत, भांडणं होत.

नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या घरातले देव निघाले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती. बाहेर संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलं होतं. दादा सत्याग्रहात जाऊन लाठी खाऊन आले होते. उजवा खांदा पुढे कितीतरी दिवस वर उचलला जात नव्हता. आमचे मालकही चळवळीतले. छापखान्यात मोर्च्याची पत्रकं फुकट छापून द्यायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा, हे कबूल करायला हवं.

त्या महिन्यात देवगिरीची नवी कादंबरी आली. देवळाच्या गाभाऱ्यात पुजाऱ्याचा खून होतो आणि राजाचा गुप्तहेर तपासाला निघतो. लेखक हुशार होते. पहिल्या दहा प्रकरणांत सगळे धागे एकाच माणसाकडे जात होते: प्रधानाचा धाकटा भाऊ. ओलं उपरणं त्याचं, खोटी साक्ष त्याची, देवळाच्या दागिन्यांवर डोळा त्याचा. मी शेवटच्या प्रकरणाची वाट बघत होते. ते आलं, आणि खुनी निघाला गावाच्या वेशीवर पहारा करणारा वेसकर. म्हणजे महार, आमचा माणूस.

मी प्रुफं घेऊन मालकांकडे गेले. "हे कुणी बदललं?"

"लेखकानंच. मीच सुचवलं," ते म्हणाले. "बाई, दिवस कसले आहेत बघताय ना? मराठी राज्याचा प्रधान, त्याचा भाऊ, आणि तो खुनी? गुजराती पेपर टाळ्या पिटतील. आत्ता आपल्या लोकांना आपसात कमीपणा येईल असं काही छापायचं नाही."

"आणि वेसकर आपल्या लोकांत नाही?"

त्यांनी प्रुफं बाजूला सारली. मग म्हणाले, "तुम्ही भलताच अर्थ काढता."

लेखक तिथेच चहा पीत बसले होते. त्यांच्याकडे वळून मी म्हटलं, "गोष्ट म्हणूनही हे चुकलंय. वेसकराची सावली देवळाच्या पायरीवर पडू देत नव्हते. तो गाभाऱ्यात शिरेल कसा? वाटेतच मारला असता त्याला."

त्यांचे डोळे चमकले. मला वाटलं, पटलं. ते म्हणाले, "वा! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणूनच तर त्याचा कुणाला संशय येत नाही! बाई, तुम्ही माझं काम सोपं केलंत."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवा मजकूर आला. गुप्तहेर सावलीचं तेच वाक्य मोठ्या रुबाबात बोलत होता. त्यापुढे आणखी एक परिच्छेद होता: वेसकराला हत्तीच्या पायी दिल्यावर गाभारा गोमूत्रानं धुऊन शुद्ध केला, आणि नगरीनं सुटकेचा निःश्वास सोडला. माझ्याच तोंडचं घेऊन त्यांनी आमच्या माणसाला फासात अडकवलं होतं, आणि वर ऱ्हस्वदीर्घ मी तपासायचं होतं. मी ते कागद मालकांच्या पुढ्यात आपटले आणि म्हटलं, "हे तुम्हीच शुद्ध करा." छपाईचे खिळे जुळवणारे कामगार माना वर करून बघत राहिले. मी पिशवी उचलून बाहेर पडले ती पुन्हा गेले नाही.

घरी दादांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते भडकतील. ते खांदा चोळत म्हणाले, "बाय, आधी राज्य येऊ दे. मग ह्यांच्याशी भांडू."

"मग म्हणजे कधी? मेल्यावर?" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडत होते. मालकांपेक्षा त्या दिवशी मला दादांचाच राग जास्त आला.

पुस्तक निघालं. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी ते विकत आणलं आणि संध्याकाळी सतरंजी पडली. मी दहा प्रकरणं वाचली. सगळ्यांनी प्रधानाच्या भावाला ओळखलं होतं. मग मी पुस्तक मिटलं आणि शेवट तोंडानं सांगितला: भाऊ कसा सापडला, कसा कबूल झाला. लोक खूश झाले. दादांनी मात्र पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि दिव्याखाली जाऊन शेवटचं प्रकरण स्वतः वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. वाचून झाल्यावर पुस्तक ज्याचं त्याला देऊन टाकलं.

पुढच्या रविवारी ते परळला चळवळीच्या सभेला गेले. व्यासपीठावर आमचे मालकही होते. सभा संपल्यावर दादा पुढे गेले आणि त्यांना नमस्कार करून म्हणाले, "साहेब, तुमचं देवगिरीचं पुस्तक वाचलं. एक विचारू? तो वेसकर कुणाचा?" मालकांनी त्यांना ओळखलं नाही. "कोण वेसकर?" म्हणाले, पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या माणसाशी बोलायला लागले. थाप नेमकी दुखऱ्या खांद्यावर बसली.

हे सांगताना दादा हसत होते. मी हसले नाही.

"आता तरी जाणं बंद करणार का?" मी विचारलं.

"का म्हणून? मुंबई काय त्याची एकट्याची आहे?" ते म्हणाले. "मी जाणार. तूही चल. आणि तिथं जे बोलायचं ते मोठ्यानं बोल."

मी गेले. बायकांच्या रांगेत बसून घोषणा दिल्या, आणि प्रत्येक घोषणेला माझा आवाज रागानं फाटत होता. शेजारच्या बाईला वाटलं, पोरगी चळवळीसाठी जीव टाकतेय. तिनं कौतुकानं मला पाणी दिलं. मी ते प्यायले.