व्हेंडरचा गेज

चाकणच्या कंपनीत अंजलीला सगळे मागून ‘शंका मॅडम’ म्हणायचे, आणि नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. व्हेंडरकडून, म्हणजे पुरवठादाराकडून कागद आला की ती आधी तारीख बघायची, मग शिक्का, मग पत्ता, आणि एवढं करूनही सही करताना दोनदा पेन उचलायची. हे वळण वडिलांचं. साहेबराव तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायला होते. व्हेंडरचा माणूस मालाबरोबर स्वतःचाच मापाचा गेज घेऊन आला की ते म्हणायचे, तुझा गेज पिशवीत ठेव, मी आमच्या स्टोअरमधला आणतो. रहाटणीच्या घरात हे वाक्य अंजलीला पाढ्यासारखं पाठ झालं होतं. साहेबरावांची दुसरी खोड म्हणजे पेपर उघडला की आधी अपघाताच्या बातम्या वाचायच्या. त्यावरून घरात त्यांची भरपूर थट्टा व्हायची.

त्या शुक्रवारी दुपारी अंजलीच्या टेबलावर एक जुनी फाइल आली. एक सॉफ्टवेअर कंपनी सोमवारी त्यांच्या मशिनींच्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडली जाणार होती. त्या कंपनीचं सायबर सुरक्षेचं सर्टिफिकेट वर्षापूर्वी अंजलीनेच तपासून पास केलं होतं. फाइल पुढे पाठवण्याआधी तिने सहज म्हणून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साइटवर तो नंबर टाकला. नंबर सापडेना. तिने संस्थेत फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितलं, या नावाच्या कंपनीला आम्ही कधीच सर्टिफिकेट दिलेलं नाही.

मग गेल्या वर्षी आपण काय तपासलं? आठवलं तशी तिने सर्टिफिकेट पुन्हा पुढ्यात ओढलं. सर्टिफिकेटवर छापलेला क्यूआर कोडच तिने मोबाइलने स्कॅन केला होता, आणि हिरवी खूण असलेलं पान उघडलं होतं. आता तिने तोच कोड पुन्हा स्कॅन केला. तेच पान, तीच खूण. फक्त वरच्या पत्त्यात संस्थेच्या नावात एक अक्षर जास्त होतं. एवढी शंकेखोर बाई, पण शंकेला नेमकी तिथेच डुलकी लागली होती.

गेल्या महिन्यात शेजारच्या एका कारखान्याचे सगळे कॉम्प्युटर कुणीतरी बाहेरून बंद पाडले होते. चार दिवस काम ठप्प झालं होतं आणि बाहेरच्या कंपनीला पास करणारी ज्याची सही होती तो नोकरी जाऊन घरी बसला होता. अंजलीच्या साहेब मोनिका मॅडम हा किस्सा दर मीटिंगला सांगायच्या. अंजली कुणाला काही न बोलता बसमध्ये बसली. गप्प राहिलं तर कदाचित काहीच होणार नाही, असं ती स्वतःला घरापर्यंत समजावत होती. फोन वाजला तरी दचकत होती.

साहेबरावांनी चेहरा पाहून विचारलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला पेपर टीपॉयवर ठेवला.

“ते गेजचं मला कुणी शिकवलं, विचारलंस कधी?” मग ते म्हणाले. “ब्रेकच्या पिना होत्या. घाई होती, म्हणून व्हेंडरच्याच गेजने मापून पास केल्या. दोन दिवसांनी आमचा लावला, तर बारीक भरल्या. गाड्या तोवर गेटबाहेर गेल्या होत्या.”

“मग तुम्ही सांगितलंत ना, पप्पा?”

“नाही. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. तू पहिलीत होतीस.” टीपॉयवरच्या पेपरकडे त्यांनी पाहिलं. “बावीस वर्षं झाली, रोज सकाळी शोधतोय.”

अंजलीला त्यांच्याकडे बघवेना. तिने मोबाइल उचलून मोनिका मॅडमना फोन लावला. सोमवारची जोडणी थांबवा, सर्टिफिकेट बनावट आहे, आणि गेल्या वर्षी पास केल्याची सही माझीच आहे, एवढं तिने कसंबसं सांगितलं. मॅडमनी सर्टिफिकेटचा नंबर लिहून घेतला. शेवटी म्हणाल्या, उद्या नऊला केबिनमध्ये ये.

फोन ठेवून ती वडिलांकडे वळली. मला फार भीती वाटतेय, ती म्हणाली.

“उद्या नऊपर्यंतचीच आहे ना?” साहेबराव म्हणाले. “मग घाबर खुशाल.”